दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया आणि शल्यचिकित्सेचे प्रशिक्षण

दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया ही शरीरावर मोठा छेद न घेता, लहान छिद्रांतून किंवा शरीराच्या नैसर्गिक द्वारांतून प्रकाशनळी, कॅमेरा व लांब दांड्याची अवजारे आत घालून केली जाणारी शस्त्रक्रियेची पद्धत आहे. या पद्धतीत शल्यचिकित्सक शरीराच्या आतला भाग पडद्यावरील चित्रात पाहतो आणि अवयवांना हात न लावता अवजारांच्या टोकांनी ते हाताळतो. पोटाच्या पोकळीतील अशा शस्त्रक्रियेला लॅपरोस्कोपी म्हणतात.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत ही पद्धत जगभर पसरली. तिच्यामुळे रुग्णाच्या वेदना, जखमेचे विकार व रुग्णालयातील मुक्काम कमी झाला. त्याच वेळी शल्यचिकित्सक घडवण्याची जुनी रीत अपुरी ठरली. नवे तंत्र शिकण्याच्या काळातील चुकांचा भार सुरुवातीच्या रुग्णांवर पडला. त्यातून शिकाऊ डॉक्टरांचा पहिला सराव रुग्णाच्या शरीराबाहेर व्हावा आणि कौशल्याची परीक्षा स्वतंत्रपणे घेतली जावी, हे तत्त्व वैद्यकीय शिक्षणात रूढ होत गेले.

## स्वरूप

पोटाच्या शस्त्रक्रियेत प्रथम बेंबीजवळ लहान छिद्र पाडून उदरपोकळीत कार्बन डायऑक्साइड वायू भरला जातो. त्यामुळे पोटाची भिंत वर उचलली जाते आणि आत काम करण्यास जागा मिळते. हा वायू पेट घेत नाही, रक्तात सहज विरघळतो व श्वासावाटे बाहेर पडतो, म्हणून तो वापरला जातो. वायूचा दाब साधारणतः १२ ते १५ मिलिमीटर पारा इतका ठेवतात. त्यानंतर ५ ते १२ मिलिमीटर व्यासाच्या पोकळ नळ्या पोटाच्या भिंतीतून आत बसवल्या जातात. एका नळीतून दुर्बीण, तर इतर नळ्यांतून चिमटे, कात्री, विद्युतदाहाचे हुक व टाके घालण्याची अवजारे आत जातात.

हेच तत्त्व शरीराच्या अन्य भागांतही वापरले जाते. छातीच्या पोकळीतील शस्त्रक्रियेस थोरॅकोस्कोपी व सांध्यातील शस्त्रक्रियेस आर्थ्रोस्कोपी म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय, नाकाभोवतीच्या पोकळ्या यांवरील शस्त्रक्रिया नैसर्गिक द्वारांतून केल्या जातात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या गाठीही नाकावाटे दुर्बीण घालून काढल्या जातात.

## इतिहास

### आरंभ

जर्मन वैद्य फिलिप बोझिनी यांनी १८०६ मध्ये मेणबत्तीच्या प्रकाशावर चालणारे, शरीराच्या पोकळीत पाहण्याचे उपकरण मांडले. फ्रान्समधील आंत्वान देसोर्मो यांनी १८५३ मध्ये त्यात सुधारणा केली. आडोल्फ कुस्माउल यांनी १८६८ मध्ये एका तलवार गिळणाऱ्या कलावंताच्या साहाय्याने जठरात सरळ नळी घालून दाखवली. माक्सिमिलियान नित्से यांचे मूत्राशय पाहण्याचे उपकरण १८७० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाले. त्यात प्रकाशाचा स्रोत नळीच्या टोकाशी, म्हणजे शरीराच्या आत, नेलेला होता.

ड्रेस्डेन येथील गेऑर्ग केलिंग यांनी १९०१ मध्ये कुत्र्याच्या पोटात हवा भरून दुर्बिणीने आतील अवयव पाहिले. स्वीडनमधील हान्स क्रिस्टियन याकोबेउस यांनी १९१० मध्ये मानवावर ही तपासणी केल्याचे प्रसिद्ध केले. हंगेरीतील यानोश वेरेश यांनी १९३० च्या दशकात स्प्रिंग बसवलेली सुई तयार केली. क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी योजलेली ही सुई पुढे पोटात वायू भरण्यासाठी वापरली जाऊ लागली व आजही वापरात आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रकाशविज्ञानातील दोन शोधांनी या क्षेत्राला वेग दिला. इंग्लंडमधील हॅरल्ड हॉपकिन्स आणि त्यांचे भारतीय वंशाचे सहकारी नरिंदर सिंग कपानी यांनी १९५४ मध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते हे दाखवले. त्यावर आधारित लवचीक जठरदर्शक बेसिल हर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये वापरात आणला. काचेच्या लांब दंडांचे भिंग वापरून अधिक उजळ प्रतिमा देणारी हॉपकिन्स यांची रचना १९६० च्या दशकात कार्ल स्टोर्झ यांनी बाजारात आणली.

### तपासणीकडून शस्त्रक्रियेकडे

पोटातील दुर्बिणीचा उपयोग बराच काळ मुख्यतः स्त्रीरोगतज्ज्ञ करत. जर्मनीतील कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी पोटातील वायूचा दाब आपोआप नियंत्रित करणारे यंत्र, दुर्बिणीतून गाठ मारण्याची तंत्रे व सरावासाठीची पेटी विकसित केली. १९८० मध्ये त्यांनी दुर्बिणीद्वारे आंत्रपुच्छ म्हणजे अपेंडिक्स काढले. शल्यचिकित्सकांच्या वर्तुळात या शस्त्रक्रियेस तीव्र विरोध झाला.

जर्मनीतील ब्योब्लिंगन येथील शल्यचिकित्सक एरिक म्यूहे यांनी १२ सप्टेंबर १९८५ रोजी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले. पुढच्या वर्षी त्यांनी जर्मन शल्यचिकित्सा संस्थेच्या अधिवेशनात आपले काम मांडले, पण त्याचे स्वागत झाले नाही. याच संस्थेने १९९२ मध्ये त्यांचा सन्मान केला. फ्रान्समधील ल्यों येथे फिलिप मूरे यांनी १९८७ मध्ये अशीच शस्त्रक्रिया केली आणि पॅरिसचे फ्रांस्वा द्युब्वा व बोर्दोचे जाक पेरिसा यांनी तिचा प्रसार केला. १९८८ पासून ती अमेरिकेत होऊ लागली.

या प्रसाराला छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्याची जोड मिळाली. त्यापूर्वी दुर्बिणीला डोळा लावलेल्या एकाच व्यक्तीला आतील दृश्य दिसत असे. कॅमेऱ्यामुळे शल्यचिकित्सक, सहायक, परिचारिका व भूलतज्ज्ञ यांना एकाच वेळी तेच चित्र दिसू लागले. दोन्ही हात मोकळे झाल्याने गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियाही शक्य झाल्या.

## शल्यकौशल्याचे बदललेले स्वरूप

खुल्या शस्त्रक्रियेत शल्यचिकित्सकाचे डोळे आणि बोटे एकाच जागी काम करतात. ऊतक मऊ आहे की कठीण, खाली रक्तवाहिनीचे स्पंदन आहे का, गाठ आजूबाजूला चिकटली आहे का, हे बोटांना कळते. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रियेत हा संबंध तुटतो. त्यातील प्रमुख अडचणी पुढीलप्रमाणे आहेत.

* खोलीचा अभाव : साध्या पडद्यावरील चित्र सपाट असते. अवजाराचे टोक अवयवाच्या किती जवळ आहे, हे सावली, आकारातील फरक व हालचालीवरून ताडावे लागते.
* उलटी हालचाल : अवजार पोटाच्या भिंतीतील छिद्रावर तरफेप्रमाणे फिरते. हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जाते.
* स्पर्शाची मर्यादा : ऊतकाचा मऊपणा किंवा ताण लांब दांड्यातून अंधूकच जाणवतो.
* मर्यादित हालचाल : मनगट व बोटे ज्या दिशांना वळतात, त्या सर्व दिशांना सरळ अवजार वळू शकत नाही. हाताचा कंपही टोकाशी अधिक जाणवतो.
* मर्यादित दृश्य : कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर असलेल्या अवजाराने आतड्यास इजा झाली, तर ती तत्काळ लक्षात येत नाही.

या कारणांमुळे खुल्या शस्त्रक्रियेत निष्णात असलेला शल्यचिकित्सकही दुर्बिणीसमोर पुन्हा शिकाऊ ठरतो. शरीररचनेचे ज्ञान व निर्णयक्षमता त्याच्या उपयोगी पडते, परंतु हातांची सवय बहुतांशी नव्याने लावावी लागते.

## प्रशिक्षणाची पूर्वपरंपरा

रुग्णावर शस्त्र चालवण्याआधी निर्जीव वस्तूंवर सराव करावा, हा विचार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात अशा सरावाला ‘योग्या’ म्हटले आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड व काकडी यांवर, भेदन करण्याचा सराव पाणी वा चिखल भरलेल्या चामडी पिशव्यांवर, खरवडण्याचा सराव केसाळ चामड्यावर आणि शिरा भेदण्याचा सराव मृत जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर करावा, असे तेथे सांगितले आहे. शास्त्रे जाणणारा पण असा सराव न केलेला वैद्य कर्मास अयोग्य मानला आहे.

आधुनिक काळातील प्रशिक्षणाची चौकट अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडवली. शिकाऊ डॉक्टरने रुग्णालयातच निवासी राहून, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने वाढती जबाबदारी घ्यावी, ही तिची मुख्य कल्पना होती. ‘एक पाहा, एक करा, एक शिकवा’ हे वचन याच परंपरेचे सार म्हणून सांगितले जाते. भारतातील निवासी डॉक्टर पद्धतीही याच धर्तीची आहे.

या रीतीत गुरू व शिष्य शस्त्रक्रियेच्या टेबलाच्या दोन बाजूंना उभे असतात. शिष्याचा हात चुकीच्या दिशेने जाऊ लागला, तर गुरू तो हात धरू शकतो, बोट ठेवून रक्तस्राव थांबवू शकतो. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रियेत अशा तत्काळ हस्तक्षेपाला फारसा वाव नसतो. दृश्य सर्वांना समान दिसते, पण अवजारे एकाच्याच हाती असतात आणि शिकाऊ डॉक्टरकडे बराच काळ केवळ कॅमेरा धरण्याचे काम राहते.

प्रशिक्षणासाठी उपलब्ध वेळही घटला. अमेरिकेत २००३ पासून निवासी डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. युरोपीय संघाच्या नियमांनुसार शिकाऊ डॉक्टरांसाठी २००९ पासून ४८ तासांची मर्यादा लागू झाली. कमी वेळात अधिक कौशल्ये शिकवण्याचा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

## शिकण्याच्या काळातील धोका

१९८९ ते १९९२ या काळात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची मागणी इतकी वाढली की, अनेक कार्यरत शल्यचिकित्सकांनी एक-दोन दिवसांच्या कार्यशाळा करून ही शस्त्रक्रिया सुरू केली. कार्यशाळेत बहुधा डुकरांवर सराव दिला जाई. रुग्णांमध्ये एका गंभीर इजेचे प्रमाण खुल्या शस्त्रक्रियेपेक्षा वाढल्याचे लवकरच आढळले. ही इजा म्हणजे मुख्य पित्तवाहिनी कापली जाणे. पित्ताशयाची लहान नळी समजून यकृताकडून आतड्याकडे पित्त नेणारी मुख्य नळीच कापली गेली, तर रुग्णास कावीळ, पोटात पित्त साचणे, पुन्हा मोठी शस्त्रक्रिया आणि काही वेळा आयुष्यभराचे यकृतविकार सहन करावे लागतात.

अमेरिकेतील सदर्न सर्जन्स क्लबने १९९१ मध्ये १,५१८ शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक शल्यचिकित्सक गटाच्या पहिल्या १३ रुग्णांमध्ये पित्तवाहिनीच्या इजेचे प्रमाण २.२ टक्के, तर त्यानंतरच्या रुग्णांमध्ये ०.१ टक्के होते. मूर व बेनेट यांच्या १९९५ मधील अभ्यासात ५५ शल्यचिकित्सकांनी केलेल्या ८,८३९ शस्त्रक्रिया तपासल्या गेल्या. बहुतेक इजा प्रत्येकाच्या पहिल्या ३० शस्त्रक्रियांत झाल्या होत्या. इजेची शक्यता पहिल्या शस्त्रक्रियेत १.७ टक्के, तर पन्नासाव्या शस्त्रक्रियेत ०.१७ टक्के असल्याचा अंदाज त्यांनी मांडला.

अनुभवानुसार चुका कमी होण्याच्या या क्रमाला ‘लर्निंग कर्व्ह’ म्हणजे शिकण्याचा आलेख म्हणतात. या आकडेवारीतून एक नैतिक प्रश्न पुढे आला. एखाद्या शल्यचिकित्सकाच्या पहिल्या काही रुग्णांनी अधिक धोका पत्करायचा, तर त्यांना त्याची कल्पना देणे आवश्यक आहे काय, आणि तो धोका रुग्णाऐवजी सरावाच्या साधनांवर ढकलता येईल काय, असे त्याचे स्वरूप होते. १९९२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागाने, स्वतंत्रपणे ही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी देखरेखीखाली अनुभव घेण्याबाबत रुग्णालयांना मार्गदर्शक सूचना दिल्या.

शस्त्रक्रियेच्या पद्धतीतही सुधारणा झाली. स्टीव्हन स्ट्रासबर्ग व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘सुरक्षिततेचे निर्णायक दृश्य’ ही संकल्पना मांडली. पित्ताशयाच्या मुळाशी असलेला त्रिकोणी भाग चरबी व पापुद्र्यांपासून मोकळा करावा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा करावा आणि पित्ताशयात केवळ दोनच रचना शिरत असल्याची खात्री होईपर्यंत काहीही कापू नये, असा तिचा आशय आहे. हे दृश्य न मिळाल्यास शस्त्रक्रिया अर्धवट ठेवणे किंवा पोट उघडणे हे अपयश मानू नये, हेही आता शिकवले जाते.

## प्रशिक्षणातील बदल

### शरीराबाहेरील सराव

सर्वांत साधे साधन म्हणजे सरावपेटी. झाकलेल्या पेटीत छिद्रांतून खरी अवजारे घालून, आतील कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर पाहत सराव केला जातो. मणी किंवा रबरी कड्या एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर नेणे, कापडावर आखलेले वर्तुळ कापणे, गाठ मारणे व टाका घालणे असे त्यातील अभ्यास असतात. अशी पेटी कमी खर्चात स्थानिक पातळीवरही तयार करता येते.

दुसरे साधन म्हणजे आभासी वास्तवावर आधारित सिम्युलेटर. अमेरिकेतील येल विद्यापीठात १६ निवासी डॉक्टरांवर केलेला प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सिम्युलेटरवर ठरावीक पातळी गाठेपर्यंत सराव केलेल्या गटाने पित्ताशय यकृतापासून सोडवण्याचे काम २९ टक्के अधिक वेगाने केले. सराव न केलेल्या गटात पित्ताशयास इजा होण्याची किंवा भलत्याच ऊतकाला भाजण्याची शक्यता पाचपट होती. सिम्युलेटरवरील कौशल्य शस्त्रक्रियागृहात उपयोगी पडते, याचा हा महत्त्वाचा पुरावा मानला जातो.

### प्रमाणित परीक्षा

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेराल्ड फ्राइड व सहकाऱ्यांनी सरावपेटीतील कामांना वेळ व अचूकता यांनुसार गुण देण्याची पद्धत तयार केली. तिच्या आधारे अमेरिकेतील दुर्बीण शल्यचिकित्सकांच्या सेजेस या संस्थेने २००४ मध्ये ‘लॅपरोस्कोपिक शस्त्रक्रियेची मूलतत्त्वे’ हा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात लेखी परीक्षेसह पाच हस्तकौशल्यांची परीक्षा असते. २००९–१० पासून निवासी प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या सामान्य शल्यचिकित्सकांना अमेरिकन शल्यचिकित्सा मंडळाच्या प्रमाणपत्रासाठी ही परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले. किती वर्षे काम केले यापेक्षा ठरावीक पातळी गाठली की नाही, हा निकष त्यामुळे पुढे आला.

### चित्रफितींचा उपयोग

कॅमेऱ्यामुळे प्रत्येक शस्त्रक्रियेची चित्रफीत ठेवता येते. खुल्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत शल्यचिकित्सक स्वतः लिहितो. चित्रफीत मात्र त्याच्या शब्दांवर अवलंबून नसते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करणाऱ्या २० शल्यचिकित्सकांनी आपली एकेक चित्रफीत दिली व समव्यावसायिकांनी नावे न जाणता तिला गुण दिले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कौशल्याच्या सर्वांत खालच्या चतुर्थांशातील शल्यचिकित्सकांच्या रुग्णांमध्ये गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के, तर सर्वांत वरच्या चतुर्थांशात ५.२ टक्के होते. हातांच्या कौशल्यातील फरक रुग्णाच्या प्रकृतीत उमटतो, हे यातून आकड्यांत दिसले. चित्रफिती जतन करणे, रुग्णाची गोपनीयता आणि न्यायालयीन वादात त्यांचा वापर हे प्रश्नही त्याबरोबर आले.

## वैद्यकीय व्यवसायावरील परिणाम

पित्ताशयाच्या खुल्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णास अनेक दिवस रुग्णालयात राहावे लागे. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रियेनंतर बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत, काही त्याच दिवशी घरी जातात. त्यामुळे रुग्णालयातील खाटांची गरज बदलली व दिवसभराच्या शस्त्रक्रिया केंद्रांना चालना मिळाली. शस्त्रक्रिया सोपी वाटू लागल्याने तिची संख्याही वाढली. अमेरिकेतील मेरिलँड राज्यात पित्ताशय काढण्याचे लोकसंख्येतील प्रमाण १९८७–८९ च्या तुलनेत १९९२ पर्यंत २८ टक्क्यांनी वाढले. प्रत्येक शस्त्रक्रियेमागील मृत्यूचे प्रमाण घटले, परंतु शस्त्रक्रियाच वाढल्याने मृत्यूंची एकूण संख्या बदलली नाही.

वैद्यकीय शाखांमधील सीमाही पुसट झाल्या. पित्तनलिकेतील खडे पूर्वी शल्यचिकित्सक पोट उघडून काढत. आता ते बहुधा जठरांत्रतज्ज्ञ तोंडावाटे दुर्बीण घालून काढतात. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा घट्ट झालेला स्नायू आतून कापण्याची ‘पोएम’ ही पद्धत जपानमधील हारुहिरो इनोउए यांनी विकसित केली. ती करणाऱ्यांत शल्यचिकित्सक व जठरांत्रतज्ज्ञ दोन्ही आहेत. अशा उपचारांचे प्रशिक्षण कोणत्या शाखेत द्यावे, हा अभ्यासक्रमांपुढील प्रश्न आहे.

भूलतज्ज्ञांनाही पोटातील वायूच्या दाबाचा हृदय व श्वसनावर होणारा परिणाम लक्षात घेऊन पद्धती बदलाव्या लागल्या. परिचारिका व तंत्रज्ञांकडे कॅमेरा, प्रकाशस्रोत, वायूयंत्र व नाजूक अवजारांची निगा हे नवे काम आले.

## भारतातील प्रसार

भारतात या पद्धतीचा पाया मुंबईत घातला गेला. शल्यचिकित्सक तेहेमटन उदवाडिया यांनी १९७२ मध्ये जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीद्वारे पोटाची तपासणी सुरू केली. त्या काळी क्ष-किरणांपलीकडे चित्रण तपासण्या सहज उपलब्ध नव्हत्या. यकृताचे विकार, पोटातील क्षयरोग व कर्करोगाचा प्रसार यांचे निदान मोठा छेद न घेता करण्याचा हा मार्ग गरीब रुग्णांसाठी विशेष उपयुक्त होता. १९९० मध्ये त्यांनी जे. जे. रुग्णालयातच दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले. ही भारतातील अशी पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. हे तंत्र केवळ महानगरांतील सधन रुग्णांपुरते राहू नये, असा त्यांचा आग्रह होता. त्यांना २००६ मध्ये पद्मश्री व २०१७ मध्ये पद्मभूषण हे सन्मान मिळाले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

कुटुंब कल्याण कार्यक्रमात स्त्रियांच्या नसबंदीसाठी दुर्बिणीचा वापर त्याआधीपासून मोठ्या प्रमाणावर होत होता. शस्त्रक्रिया काही मिनिटांत होत असल्याने एका शिबिरात अनेक स्त्रियांवर ती केली जाई. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यातील शिबिरात एकाच दिवशी काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या व त्यांपैकी १३ जणींचा मृत्यू झाला. मृत्यूंच्या कारणांबाबत जंतुसंसर्ग व दूषित औषधे असे दोन्ही मुद्दे पुढे आले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये देविका बिस्वास प्रकरणातील निकालात अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले. छिद्र लहान असले तरी निर्जंतुकीकरण, रुग्णाची तपासणी व नंतरची देखरेख यांत कपात करता येत नाही, हे या प्रकरणाने अधोरेखित केले.

भारतातील वैद्यकीय साहित्यात दुर्बिणीच्या छिद्रांच्या जागी क्षयेतर मायकोबॅक्टेरियांमुळे होणाऱ्या चिवट संसर्गाची नोंद वारंवार आढळते. पुन्हा वापरली जाणारी अवजारे सुटी करून नीट न धुणे व रासायनिक द्रावणात अपुरा वेळ ठेवणे ही त्यामागील प्रमुख कारणे आहेत. त्यामुळे प्रशिक्षणात अवजारांच्या स्वच्छतेचाही समावेश असणे महत्त्वाचे ठरते.

प्रशिक्षणाच्या संधी विषम आहेत. राष्ट्रीय परीक्षा मंडळातर्फे या विषयातील अधिछात्रवृत्तीचा अभ्यासक्रम चालवला जातो, तसेच व्यावसायिक संघटनांच्या कार्यशाळा होतात. ग्रामीण भागात महागडी यंत्रणा, वायूच्या नळकांड्यांचा पुरवठा, अखंड वीज व भूलतज्ज्ञ यांची उणीव भासते. त्यावर उपाय म्हणून काही ग्रामीण शल्यचिकित्सकांनी वायूविरहित लॅपरोस्कोपीचा अवलंब केला आहे. तीत पोटाची भिंत यांत्रिक उचलणीने वर धरली जाते आणि अनेक शस्त्रक्रिया पाठीच्या कण्यात भूल देऊन करता येतात.

## मर्यादा आणि वाद

लहान छिद्र म्हणजे नेहमीच चांगला परिणाम, असे नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात दुर्बिणीद्वारे व खुल्या शस्त्रक्रियेनंतर रोग उलटण्याचे प्रमाण सारखेच असल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दिसले. याउलट, गर्भाशयमुखाच्या प्रारंभिक कर्करोगावरील २०१८ मधील आंतरराष्ट्रीय चाचणीत साडेचार वर्षांनी रोगमुक्त असलेल्या स्त्रियांचे प्रमाण खुल्या शस्त्रक्रियेनंतर ९६.५ टक्के, तर लहान छिद्रांच्या शस्त्रक्रियेनंतर ८६ टक्के आढळले. त्यानंतर अनेक देशांत या आजारासाठी खुली शस्त्रक्रिया पुन्हा प्रमाण मानली गेली. नव्या तंत्राचा प्रसार होण्यापूर्वी प्रत्येक आजारासाठी स्वतंत्र पुरावा हवा, हे यातून स्पष्ट झाले.

दुसरा वाद खुल्या शस्त्रक्रियेच्या कौशल्याचा आहे. दुर्बिणीद्वारे सुरू केलेली शस्त्रक्रिया रक्तस्राव, जुने चिकटलेले भाग किंवा अस्पष्ट शरीररचना यांमुळे पोट उघडून पूर्ण करावी लागते. हे प्रसंग स्वभावतः सर्वांत अवघड असतात. आधीच्या पिढीने साध्या रुग्णांवर खुली शस्त्रक्रिया शिकून नंतर दुर्बीण हाती घेतली होती. नव्या पिढीला साधे रुग्ण दुर्बिणीतूनच पाहायला मिळतात. त्यामुळे त्यांना खुल्या शस्त्रक्रियेचा अनुभव प्रामुख्याने सर्वांत कठीण वेळीच येतो. यासाठी मृतदेहांवरील सराव, अपघातग्रस्तांच्या शस्त्रक्रियांतील सहभाग व खुल्या पद्धतीची स्वतंत्र शिकवणी असे उपाय सुचवले जातात. जिथे दुर्बीण उपलब्ध नाही अशा ठिकाणी काम करणाऱ्या शल्यचिकित्सकांसाठी हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

## यंत्रमानव आणि दूरस्थ शस्त्रक्रिया

अमेरिकेत २००० मध्ये सामान्य शल्यचिकित्सेसाठी मान्यता मिळालेल्या ‘दा विंची’ यंत्रणेत शल्यचिकित्सक बाजूच्या कक्षासनावर बसून यांत्रिक बाहू चालवतो. त्रिमितीय दृश्य, मनगटासारखी वळणारी अवजारे व कंप गाळण्याची सोय यांमुळे साध्या दुर्बिणीच्या काही अडचणी दूर होतात. दोन कक्षासने जोडल्यास शिक्षक क्षणार्धात शिष्याकडून ताबा घेऊ शकतो. टेबलाभोवती हरवलेली हस्तक्षेपाची सोय येथे वेगळ्या रूपात परत येते. यंत्रणेची किंमत व देखभालीचा खर्च ही तिची मोठी मर्यादा आहे.

७ सप्टेंबर २००१ रोजी जाक मारेस्को व सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील स्त्रीरुग्णाचे पित्ताशय यंत्रमानवाच्या साहाय्याने काढले. अटलांटिक महासागरापलीकडून झालेल्या या शस्त्रक्रियेस ‘लिंडबर्ग ऑपरेशन’ म्हणतात. दैनंदिन व्यवहारात दूरस्थ शस्त्रक्रियेपेक्षा दूरस्थ मार्गदर्शनाचा उपयोग अधिक सोपा आहे. यात अनुभवी शल्यचिकित्सक दुसऱ्या गावी बसून पडद्यावरील तेच दृश्य पाहतो आणि स्थानिक शल्यचिकित्सकाला सूचना देतो.

## हेही पहा

* शल्यचिकित्सा
* लॅपरोस्कोपी
* पित्ताशय
* सुश्रुतसंहिता
* तेहेमटन उदवाडिया
* वैद्यकीय शिक्षण